एकास वीस

रेवाच्या दोन्ही तळहातांवर लाल वळ उठले होते. ब्रेकच्या दांड्या आवळून आवळून. गुडघा फुटला होता, हातमोज्याची शिवण उसवली होती, आणि ती रडत नव्हती. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, रेवा पडल्यावर रडली नाही की खरंच लागलंय असं समजायचं.

ही गोष्ट कॅनडातली, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका स्की रिसॉर्टवरची. त्याचं नाव सांगत नाही. हिवाळ्यात तिथे बर्फावरून घसरायला लोक येतात, उन्हाळ्यात त्याच खुर्च्यांच्या लिफ्टला सायकली लटकवून वर नेतात आणि डोंगरावरून खाली सोडतात. जावयाने हौसेने तिकिटं काढली होती. वाटेच्या तोंडाशी पाटी होती, तिच्यावर हिरवा गोल आणि खाली ‘फॅमिली ट्रेल’. या खुणा मूळच्या स्कीइंगच्या. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, आणि दोन काळे हिरे असतील तर आपण घरी बसावं. तर हिरवा गोल बघून बापलेक निघाले, आणि मी व मुलगी खाली थांबलो.

वाटेच्या पायथ्याशी उभं राहून मी वर पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, “मुक्ता, अगं हा रस्ता नाही, हा ओढा आहे.”

लिफ्टच्या यंत्रांची देखभाल करायला, डिझेल वर न्यायला केलेला तो गाडीरस्ता. नाकासमोर खाली उतरणारा. मधोमध पाण्याने घळ पाडलेली, दोन्ही अंगांना सुटी खडी. त्या रस्त्याला हिरवा रंग फासून त्याची ‘कुटुंबाची वाट’ केली होती. बावीस किलोची पोर, तिची सायकल आणखी दहा-अकरा किलोची, आणि तो उतार. वरून खालपर्यंत तिने ब्रेक सोडलाच नसणार. बोटांतला जोर संपला तिथे ती पडली.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात एकतीस वर्षं होतो. त्यातली नऊ कराड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटात. सायकल मला येते, पण ती बाजारपेठेतली, कॅरिअरला पिशवी लावलेली. डोंगरावरून सायकल खाली आणायची हौस असते आणि त्यासाठी लोक पैसे मोजतात, हे मला साठीनंतर, मुलीकडे आल्यावर कळलं. उतारावरची वाट कशी असावी हे मात्र मला थोडंफार कळतं, आणि त्या दिवशी मला नातीच्या पडण्यापेक्षा त्या पाटीचा राग जास्त आला. पोरं पडतातच. पाटीने खोटं बोलू नये.

पंधरा दिवसांनी व्हिसलरला जायचं ठरलं तेव्हा रेवा म्हणाली, “आबा, तू आधी बघून सांग.” म्हणून गेलो बघायला.

व्हॅंकूवरपासून हे गाव साधारण १२० किलोमीटर. एका हाताला समुद्राची खाडी, दुसऱ्या हाताला सरळसोट कडा, असा तो रस्ता. माझ्यासारख्याची मान सारखी कड्याकडेच वळते, जाळ्या कुठे मारल्यात ते बघायला. व्हिसलर डोंगराचं जुनं नाव लंडन माउंटन. वर राहणारा मार्मोट नावाचा गुबगुबीत प्राणी शीळ घालतो, त्यावरून साठच्या दशकात ते बदललं. १९६६ साली तिथे स्कीइंग सुरू झालं, २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या उतारावरच्या शर्यती तिथेच झाल्या. आणि १९९९ पासून रिसॉर्टने स्वतः उन्हाळ्यातला सायकल पार्क चालवायला घेतला. आज जगात या धंद्यात कोणीही पडलं तरी आधी व्हिसलर बघून येतं. तिथे वाटा कोरणाऱ्या तिघांनी पुढे ‘ग्रॅव्हिटी लॉजिक’ नावाची कंपनी काढली आणि हेच काम ते देशोदेशी करतात.

धंद्याचं गणित उघड आहे. डोंगरात कोट्यवधी डॉलरच्या लिफ्ट उभ्या आहेत, हॉटेलं आहेत, आणि बर्फ वितळला की सगळं झाकून ठेवायचं. त्यात हिवाळे बेभरवशाचे व्हायला लागले. अमेरिकेत तर यासाठी कायदा करावा लागला. तिथले बरेच स्की रिसॉर्ट सरकारी वनजमिनीवर आहेत आणि परवाना बर्फातल्या खेळांपुरता होता; २०११ च्या कायद्याने उन्हाळी खेळांना वाट मोकळी झाली. तेव्हापासून तिकडच्या डोंगरांतही कुदळी-फावडी चालू आहेत.

आता मुख्य गोष्ट. स्कीचा उतार आणि सायकलची वाट यांत फरक काय? मला वाटलं होतं, हिवाळ्यातल्या सोप्या उतारावरून उन्हाळ्यात सायकल सोडली की झालं. त्या पहिल्या रिसॉर्टवाल्यांनाही तसंच वाटलं असावं. पण बर्फावरचा माणूस आपली वळणं आपण घेतो. उतार रुंद असतो, तो डावीकडे जातो, उजवीकडे येतो, वेग आपोआप मरतो. खालचे दगडधोंडे, मुळं, घळी सगळं बर्फाखाली झाकलेलं असतं, आणि तो गेल्यावर मागे काही राहत नाही. रात्रीतून नवा बर्फ पडतो. सायकलवाल्याला वळणं बांधून द्यावी लागतात. शिवाय त्याचं प्रत्येक चाक जमिनीवर एक रेघ ओढून जातं, आणि पाण्याला रेघच हवी असते. म्हणून व्हिसलरच्या वाटा बहुतेक ठिकाणी मोकळे उतार सोडून मधल्या झाडीत घातल्या आहेत, आणि मोकळा उतार ओलांडायचा तेवढा आडवा ओलांडतात.

अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेली ‘इम्बा’ नावाची माउंटन बायकिंगची संस्था आहे. तिच्या मानकात हिरव्या गोलाची वाट कशी असावी हे आकड्यांत दिलंय. रुंदी किमान तीन फूट. चुकवता न येणारा अडथळा, म्हणजे मूळ किंवा दगड, दोन इंचांहून उंच नको. मधूनच एखादा टप्पा पंधरा टक्क्यांपर्यंत चालेल, पण सरासरी उतार पाच टक्के किंवा त्याहून कमी. निळ्या चौकोनाला हाच उतार दहा टक्के, रुंदी दोन फूट, अडथळा आठ इंच.

पाच टक्के वाचलं आणि मी चष्मा पुसला. पाच टक्के म्हणजे आमच्या भाषेत एकास वीस. वीस मीटर पुढे जा, एक मीटर उतरा. इंडियन रोड्स काँग्रेसने डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ म्हणून हाच सांगितलाय. नाइलाजच झाला तर थोडं पुढे जायचं, पण आखणी सुरू करायची ती एकास वीस धरून. (आगगाडी याहून नाजूक. बोरघाटात तिला एकास सदतीस द्यावा लागला, आणि तरी मागून इंजिन लावतातच.) भरलेल्या ट्रकने दम न टाकता चढावं तो चढ, आणि सात वर्षांच्या पोरीने दात न आवळता उतरावं तो उतार, दोन्ही एकच निघाले.

हा आकडा ऐकायला बारीक वाटतो, पण हिशेब करून बघा. गावातून निघणारी फिट्झसिमन्स लिफ्ट साधारण साडेतीनशे मीटर उंची चढवते. तेवढंच उतरायचं असेल तर पंधरा टक्क्यांची अवघड वाट सव्वादोन-अडीच किलोमीटरमध्ये संपते. दहा टक्क्यांना साडेतीन किलोमीटर लागतात. आणि एकास वीसला सात किलोमीटर! त्याच डोंगरावर, त्याच दोन टोकांमध्ये सात किलोमीटरची वाट बसवायची म्हणजे ती आडवी आडवी न्यावी लागते, वळणावर वळण घ्यावं लागतं, आणि प्रत्येक वळण म्हणजे भराव, खोदाई, निचरा, वर्षावर्षाची डागडुजी. सगळीकडे हा आकडा काटेकोर पाळतात असं नाही, जागा पाहून पुढेमागे होतं. पण उलटं गणित सुटत नाही: वाट जितकी सोपी, तितकी लांब, तितकी महाग. अवघड वाट काढायला एक उतार आणि चार धाडसी पोरं पुरतात.

वाटांवर पायी फिरायची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी पायथ्याशी दोरीच्या अलीकडे उभा राहून शेवटचं वळण बघत होतो. तिथे एक तरुणी काम करत होती. हातात लांब दांड्याचं हत्यार, एका अंगाला जाड दात्यांचं दंताळं, दुसऱ्या अंगाला फावड्यासारखं पातं. वळणाची बाहेरची कड ती पात्याच्या पाठीने थापत होती, अगदी आपल्याकडे अंगण चोपणं घेऊन चोपतात तशी. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, माती कुठली? तिने हसून झाडीकडे हात केला. जंगलातला वरचा काळा थर, पालापाचोळा कुजून झालेला, तो वाटेत अजिबात ठेवत नाहीत. तो पाणी धरतो आणि चाकाखाली पिठासारखा उडतो. तो खरवडून बाजूला करायचा आणि खालची पिवळसर, खडे मिसळलेली माती काढून दाबायची. म्हणजे मुरूम! मुरमाची खाण जवळ असली की अर्धं काम झालं, हे आमचे मुकादम रोज म्हणायचे. ती पोरगी मुकादमांना भेटली असती तर दोघांचं जमलं असतं.

मग मी पाण्याचं विचारलं, आणि ती हत्यार टेकवून बोलायलाच लागली. ती जे म्हणाली ते सांगण्याआधी घाटातलं सांगतो. मी रुजू झालो तो जुलै महिना. तिसऱ्या दिवशी आमच्या डेप्युटीसाहेबांनी जीपने घाटात नेलं, एका वळणावर उतरवलं आणि हातात छत्री दिली. “दोन तासांनी येतो. पाणी कुठून येतं न्‌ कुठं जातं, तेवढं बघून ठेव.” त्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. छत्री दहा मिनिटांत उलटी झाली. पण पाणी मात्र पाहिलं. ते रस्ता ओलांडून गेलं तर काही बिघडवत नाही. रस्त्यावरून चालायला लागलं की मग रस्ता त्याचा होतो. मोरी तुंबली, गटार भरलं, की मैलकुलीला हाक मारायची ती एवढ्यासाठीच.

तर ती तरुणी हेच सांगत होती, तिच्या शब्दांत. व्हिसलरला पावसाबरोबर बर्फही आहे; डोंगरावर हिवाळ्याला सरासरी दहा मीटरच्या वर पडतं आणि वसंतात ते सगळं खाली यायला निघतं. वाटेने ते पाणी धरून ठेवायचं नाही. त्यासाठी वाट दरीच्या अंगाला किंचित कलती ठेवतात. दर वीस ते पन्नास फुटांवर उतार मोडून वाट हातभर वर चढवतात, म्हणजे आलेलं पाणी तिथे अडतं आणि बाजूला पडतं. आणि एक नियम तर मला इतका आवडला की मी वहीत उतरून घेतला: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर सोळा टक्के उतरता असेल तर वाट आठ टक्क्यांच्या आत. त्याहून तीव्र झाली की डोंगरावरून आलेलं पाणी वाट ओलांडायच्या ऐवजी वाटेलाच लागतं. म्हणजे जिथे जमीन जवळजवळ सपाट आहे तिथे वाट घालणंच अवघड. आम्ही घाटात हे डोळ्यांनी शिकलो होतो, पण इतक्या सुटसुटीत भाषेत कोणी सांगितलं नव्हतं.

तो हातभर चढ आणखी एक काम करतो, आणि ते मुलांसाठी जास्त महत्त्वाचं. चाक चढाला लागलं की वेग आपोआप कमी होतो. सायकलच्या वाटेवर सगळ्यात लवकर खराब होते ती वळणाच्या अलीकडची जागा. सगळे तिथेच ब्रेक मारतात, चाकं घसटतात, आणि जमिनीला पत्र्यासारख्या पन्हाळ्या पडतात. ऑगस्टमध्ये माती कोरडी झाली की त्यावरून जाताना मोठ्यांचेही हात बधिर होतात. लहान चाकाला त्या पन्हाळ्या म्हणजे पायऱ्याच. यावर उपाय म्हणजे वळणाच्या आधी वाट थोडी चढवायची, म्हणजे ब्रेक मारायची गरजच पडत नाही. मग वळणाची बाहेरची कड उचलायची. याला ते ‘बर्म’ म्हणतात, आम्ही ‘सुपर एलिव्हेशन’ म्हणायचो, एस.टी. वळणावर बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्त्याला जी कड देतात, तीच. फक्त इथे ती हाताने थापतात.

रेवाचे तळहात मला तेव्हा कळले. पहिल्या ठिकाणी वेग आवरायचं सगळं काम तिच्या बोटांवर टाकलं होतं. इथे ते मातीने करायचं ठरवलंय.

वर जाण्याची तऱ्हाही बघण्यासारखी. एका खुर्चीवर सायकली आणि दुसरीवर माणसं. लिफ्टवरची पोरं सायकल उचलून लावतात, लहानांना हात देतात. हेल्मेटशिवाय कोणाला सोडत नाहीत. या प्रांतात साध्या रस्त्यावरही सायकलला हेल्मेटची सक्ती १९९६ पासून आहे. डोंगरावर तर पोरांना हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट, गुडघ्यांना, कोपरांना कवच. रेवा त्या अवतारात लढाईला निघाल्यासारखी दिसत होती. तिकीट, भाड्याची सायकल, कवच मिळून जो आकडा झाला तो मी फोनवर घरी सांगितला नाही. हा खेळ स्वस्त नाही, आणि कुटुंबासाठी म्हणताना कुठल्या कुटुंबासाठी, हेही विचारायला हवं. गावालगतच्या लॉस्ट लेक भागातल्या वाटांना तिकीट लागत नाही, लिफ्टही नाही. पाय असतील तर चढा. आम्ही दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो.

अस्वलांचं राहिलं. स्कीसाठी झाडं तोडून मोकळ्या केलेल्या उतारांवर गवत माजतं, आणि काळी अस्वलं ते चरायला येतात. खरोखर चरतात, गाईसारखी. आम्ही लिफ्टखाली एक पाहिलं. अस्वल वाटेजवळ आलं की ती वाट बंद ठेवतात, लोक दुसरीकडे जातात. वाघाच्या जंगलात रात्रीची वाहतूक बंद करायची म्हटली तरी आपल्याकडे मोर्चे निघतात, म्हणून सांगितलं.

व्हिसलरची प्रसिद्धी उड्यांची आहे. ‘ए-लाइन’ नावाची वाट जगभर माहीत आहे, २००४ पासून भरणाऱ्या ‘क्रॅंकवर्क्स’च्या महोत्सवात पोरं हवेत उलट्या मारतात, त्यांचे व्हिडिओ लाखोंनी बघतात. पण उडी मारणारा एकटा येतो. हिरवी वाट नीट असेल तर आई, बाप, दोन पोरं आणि बाकावर बसायला एक आजोबा येतात, आणि पाचही जण जेवतात. नॉर्वेतल्या ट्रिसिलने तर हे मनावर घेऊन गुलिया भागात घरादाराला झेपतील अशा वाटांवरच भर दिला. लहानांच्या वाटेवर कल्पकता लागत नाही असं नाही. छोटे उंचवटे असे ठेवायचे की मुलाला उडाल्यासारखं वाटावं पण चाक जमिनीवरच राहावं. अवघड जागा आली तर तिला वळसा घालणारी सोपी फांदी काढायची. पुढचं वळण आधी दिसायला हवं, आणि थांबायला बाजूला जागा हवी, कारण मुलं मध्येच थांबतात. तहान लागते, नाक खाजतं.

हिरव्या वाटेचं नाव ‘ईझी डझ इट’. पहिल्या फेरीला जावई पुढे, रेवा मधे, मुक्ता मागे. मी खाली शेवटच्या वळणाशी. बराच वेळ कोणी येईना. मुक्ताला फोन करावा म्हणून खिशात हात घातला तेवढ्यात झाडीतून जावई आला आणि मागे रेवा. मी तिचे हात पाहत होतो. वळणाच्या आधी वाट वर चढली, सायकल मंदावली, बोटं ब्रेकवर नुसती टेकलेली. कडेवरून ती अलगद फिरली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

“कसं आहे?” मी विचारलं.

“आबा, हे वाकडं वाकडं आहे,” ती म्हणाली. “मला वाकडं आवडतं.”

तिने त्या दिवशी ती वाट सहा वेळा केली. तळहात संध्याकाळी मी पाहिले, मळलेले होते, लाल नव्हते.

पुण्या-मुंबईच्या पोरांच्या हातात आता डोंगरी सायकली आल्या आहेत आणि आपल्या टेकड्यांवर चाकोऱ्या पडू लागल्या आहेत. सरळ खाली जाणाऱ्या. पहिल्या पावसात त्यांच्या घळी होतात, दुसऱ्या पावसात तिथली माती खालच्या नाल्यात असते. मग वनखातं तारा लावतं आणि दोन्हीकडचे एकमेकांना दोष देतात. या पोरांना माझं सांगणं आहे. वाट काढायची असेल तर परवानगी घेऊन काढा, आणि कुदळ उचलायच्या आधी एक जुलै त्या उतारावर छत्री घेऊन उभे राहा. कोणाला उतार मोजायला माणूस हवा असेल तर मी नोव्हेंबरात कराडला परत येतोय. लेव्हल घरात आहे, माळ्यावर.